मुंबईच्या फ्लॅटमध्ये नवा कुत्रा: पहिला महिना कसा काढायचा

तांबू आमच्याकडे आली तेव्हा साधारण १० महिन्यांची होती. रस्त्यावरची, तांबूस रंगाची, एक कान उभा आणि एक पडलेला. आम्ही मुलुंडला चौथ्या मजल्यावर राहतो, वन बीएचके, माणसं तीन. घरात शिरल्याशिरल्या ती दिवाणाखाली गेली आणि पुढचे अडीच दिवस आम्ही पट्टा लावून खाली नेलं तेवढीच बाहेर आली. पाणीसुद्धा रात्री दिवे मालवल्यावर प्यायची. आम्ही मात्र पहिल्याच संध्याकाळी तिला शेकहँड शिकवायला बसलो होतो. मुलगा दिवाणासमोर पालथा पडून हात पुढे करतोय, नवरा बिस्कीट दाखवतोय, मी व्हिडिओ काढतेय. तो व्हिडिओ अजून फोनमध्ये आहे. त्यात कुत्रा दिसतच नाही, अंधारात फक्त दोन डोळे चमकतात.

त्या संध्याकाळी आम्हाला कोणीतरी सांगायला हवं होतं की हात देणं, लोळणं वगैरे नंतर. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या कुत्र्याला आधी तीनच गोष्टी जमायला हव्यात: शी-शू कुठे करायची, चौथ्या मजल्यावरून खाली कसं जायचं, आणि घरात एकटं कसं राहायचं. या तिन्ही गावाकडच्या अंगणातल्या कुत्र्याला शिकवाव्याच लागत नाहीत, म्हणून आपल्या आईवडिलांच्या अनुभवाचा इथे फारसा उपयोग होत नाही.

येण्याआधी

घरातला एक कोपरा ठरवा. तिथून घर दिसायला हवं, पण येणाऱ्याजाणाऱ्याचा पाय त्याच्या अंगावर पडता कामा नये. आमच्याकडे असा कोपरा एकच निघाला, टीव्हीच्या टेबलाशेजारी, म्हणून वर्तमानपत्रांची रद्दी हलवावी लागली. तिथे जुनी गोधडी किंवा सतरंजी घाला. महागडी गादी आत्ता घेऊ नका, पहिल्या महिन्यात तिचा कापूस निघतो. टाइल्सवर पाय घसरतात, विशेषतः पिल्लांचे, त्यामुळे त्याच्या येण्याजाण्याच्या वाटेवर दोन पायपुसणी टाकून ठेवा.

मग घरात गुडघ्यांवर रांगत एक फेरी मारा. हसू नका, खरंच मारा. चार्जरच्या वायरी, चपलांचा रॅक, खिडकीच्या ग्रिलमधली फट, पलंगाखाली कधीतरी टाकलेलं उंदराचं औषध, हे सगळं त्या उंचीवरूनच दिसतं. उंदराचं औषध सोसायटीही आवारात टाकते. कुठे टाकलंय ते वॉचमनला आधीच विचारून ठेवा.

खरेदी थोडीच: अंगात घालायचा हार्नेस, एक साधा गळपट्टा, त्यावर तुमचा फोन नंबर कोरलेला बिल्ला, पाच-सहा फुटांचा पट्टा आणि स्टीलची दोन जड भांडी. ओढली की लांब होत जाणारी दोरी मुंबईच्या फुटपाथवर घेऊ नका. रिक्षा कुठून येईल ते आपल्याला कळत नाही, तर कुत्र्याला काय कळणार.

आणि घरच्यांची एक बैठक घ्या. आमच्याकडे मुलगा ‘सिट’ म्हणायचा, नवरा ‘खाली बस’ आणि मी ‘बैस गं’. बिचारी तिघांकडे आळीपाळीने बघायची. शेवटी मी फ्रिजवर कागद चिकटवला: बस, ये, थांब, सोड, जागेवर. शब्द पाचच, आणि सगळ्यांचे तेच. सकाळी सहाला कोण उठणार हेही त्याच कागदावर लिहिलं. ते ठरवायला जास्त वेळ लागला.

पहिला दिवस

आणल्यावर थेट वर नेऊ नका. शी-शूसाठी जी जागा ठरवली असेल तिथे आधी न्या आणि पंधरा-वीस मिनिटं नुसते उभे राहा. नाही केली तरी हरकत नाही, वास तर घेऊ द्या. (छोट्या पिल्लाची गोष्ट वेगळी, ती पुढे येतेच.) वर आल्यावर पट्टा हातात ठेवूनच घर दाखवा, पाणी दाखवा, कोपरा दाखवा, मग पट्टा सोडा आणि आपापल्या कामाला लागा.

त्याच्याकडे टक लावून बघू नका, वर वाकू नका, डोक्यावर हात फिरवायला जाऊ नका. जमिनीवर बाजूला बसा, मटार सोला, पेपर वाचा. तो येऊन वास घेईल तेव्हा घेईल. दिवाणाखाली गेला तर ओढून काढू नका, खाणं-पाणी तिथेच सरकवा. पहिल्या दिवशी जेवला नाही तर घाबरू नका. मात्र दुसऱ्या दिवशीही खात-पीत नसेल, किंवा पिल्लाला उलट्या-जुलाब होत असतील, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. पिल्लांमध्ये पार्व्हो, म्हणजे उलट्या-जुलाबांचा विषाणूजन्य आजार, फार झपाट्याने वाढतो.

पाहुण्यांना पुढच्या आठवड्याचं आमंत्रण द्या. शेजारच्या काकू, आत्या, मुलाचे मित्र, सगळ्यांना बघायचं असतं. आम्ही दुसऱ्याच दिवशी सात जण घरात घेतले आणि तांबू आणखी एक दिवस आत राहिली.

खाणं आधीच्या माणसाने जे दिलं तेच आठवडाभर द्या. बदलायचं असेल तर सहा-सात दिवसांत थोडं थोडं मिसळत बदला. आपल्याकडे कुत्रा म्हटलं की दूध-पोळी, पण मोठ्या कुत्र्यांपैकी अनेकांना दूध पचत नाही आणि मग जुलाब आपल्यालाच पुसावे लागतात. कांदा-लसूण कुत्र्याला विषारी, म्हणजे आपलं जवळजवळ प्रत्येक कालवण बाद. द्राक्षं, मनुका, बेदाणेही तसेच, त्यामुळे प्रसादाचा शिरा देताना हात आवरा. चॉकलेट नाही. शिजवलेली हाडं नाहीत, त्यांचे टोकदार तुकडे पडतात. आणि आपल्या डब्यातली क्रोसिन वगैरे मनाने कधीच नाही.

शी-शू

इथे मी जरा वेळ घेणार आहे, कारण ‘कुत्रा जमला नाही’ म्हणून परत देणाऱ्यांची खरी तक्रार बहुतेक वेळा हीच असते.

पिल्लाला तीन वेळा हमखास लागते: उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळल्यावर. दोन-तीन महिन्यांचं पिल्लू दिवसा जागं असताना तास-दोन तासांपलीकडे धरू शकत नाही. आता हिशेब करा. पिल्लू उठलं, तुम्ही चप्पल शोधली, लिफ्ट सातव्या मजल्यावर होती, ती आली, खाली पोचलात. पाच मिनिटं गेली, आणि पिल्लाने तुमच्या दारातच काम उरकलं. त्यातून लसी पूर्ण होईपर्यंत पिल्लाला आवारातल्या जमिनीवर सोडायचंच नसतं. म्हणून पिल्लासाठी जागा घरात करा, बाल्कनीत किंवा बाथरूममध्ये, खाली रद्दी पेपर नाहीतर ट्रे. जागा एकच, ती बदलायची नाही. मोठं कुत्रं असेल तर पहिल्या दिवसापासून खाली.

जागेवर नेऊन एकच शब्द म्हणा. आम्ही ‘चल, शू’ म्हणतो. मग गप्प उभे राहा, फोन खिशात. काम झालं की तिथल्या तिथे, दोन सेकंदांच्या आत, खाऊ. वर आल्यावर खाऊ दिलात तर त्याला वाटतं की घरात शिरल्याचा खाऊ मिळाला. आणखी एक चूक सगळे करतात: शू झाली की लगेच ‘चला घरी’. कुत्रं हुशार असतं. शू केली की फिरणं संपतं हे त्याला चार दिवसांत कळतं, मग ते धरून ठेवतं. शू झाल्यावर दहा मिनिटं आणखी फिरवा.

घरात झाली तर ओरडायचं नाही, नाक घासायचं तर मुळीच नाही. तो जुना उपाय म्हणून अजून सांगितला जातो. त्यातून कुत्रं एवढंच शिकतं की माणसासमोर करायची नाही, आणि मग सोफ्यामागे जाऊन करतं. करताना दिसलं तर हलक्या आवाजात बोलावून जागेवर न्या. नंतर दिसलं तर मुकाट्याने पुसा. अमोनियाचा वास असलेलं क्लीनर वापरू नका, त्याचा वास लघवीशी मिळताजुळता असतो. प्राण्यांच्या दुकानात एन्झाइमचं क्लीनर मिळतं, ते वापरा. फिनेलने पुसलंत तर वरून साध्या पाण्याचा हात फिरवा, कारण कुत्रं पंजे चाटतं.

रस्त्यावर वाढलेल्या कुत्र्याची तऱ्हा निराळी. त्याला माती-गवताची सवय असते. आमच्या सोसायटीत सगळीकडे पेव्हर ब्लॉक. तांबू पहिल्या दिवशी सतरा तास धरून बसली आणि शेवटी दारातल्या काथ्याच्या पायपुसण्यावर मोकळी झाली, कारण घरात खरखरीत असं तेवढंच होतं. मग मी तुळशीशेजारच्या रिकाम्या कुंडीतली ओंजळभर माती आवाराच्या कोपऱ्यात, भिंतीलगत टाकली. तिथे तिने वास घेतला, दोन गिरक्या घेतल्या आणि काम झालं. त्या आनंदात मी तिला अख्खं अंडं दिलं.

शी उचलायची. रोज, पावसातसुद्धा. सोसायटीतली निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

लिफ्ट, जिना आणि फाटक

लिफ्ट म्हणजे कुत्र्याच्या दृष्टीने एक हलणारी पेटी: आत गेल्यावर पायाखालची जमीन सरकते आणि दार उघडल्यावर बाहेर वेगळाच वास. तांबू लिफ्टच्या दारात चारही पाय रोवून उभी राहायची. आम्हाला ‘ओढा, एकदा बसली की भीती जाते’ असा सल्ला मिळाला. एकदा ओढलं. तिने लिफ्टमध्येच शू केली आणि नंतर दोन दिवस ती लिफ्टच्या बाजूला फिरकलीच नाही.

मग उकडलेली कलेजी आणली. हरभऱ्याच्या दाण्याएवढे तुकडे केले, डबी खिशात टाकली. दुपारी तीनला लिफ्ट रिकामी असते ती वेळ धरली. पहिल्या दिवशी नुसतं लिफ्टसमोर बसायचं, दार उघडलं की तुकडा, मिटलं की काही नाही. दुसऱ्या दिवशी उंबऱ्यावर तुकडा. तिसऱ्या दिवशी एक पाऊल आत, दार मी हाताने अडवलेलं, लगेच बाहेर. ती मान लांबवून तुकडा घ्यायची, पण मागचे पाय पॅसेजमध्येच घट्ट. पाचव्या दिवशी मागचे पाय आले. सहाव्या दिवशी एक मजला खाली आणि जिन्याने वर. नवव्या दिवशी ती आपणहून आत शिरली आणि आरशात बघत बसली.

नऊ दिवस आम्ही जिना वापरला. मोठ्या कुत्र्याला चार मजले चालतात, पिल्लाला मात्र कडेवर घ्या.

लिफ्टमध्ये पट्टा आखूड धरा, कुत्रा आणि तुम्ही बरोबर आत जा, आणि दार मिटण्याआधी पट्टा पूर्ण आत आहे ना ते बघा. पट्टा दारात अडकून कुत्रा बाहेर राहिला आणि लिफ्ट निघाली तर काय होईल ते वेगळं सांगायला नको. जुन्या इमारतींतल्या जाळीच्या दारापाशी शेपूट आणि पंजे सांभाळा. कुत्र्याला भिंतीच्या बाजूला घ्या, मध्ये आपला पाय. कुणाला भीती वाटत असेल तर ‘तुम्ही जा, आम्ही पुढच्या फेरीला येतो’ म्हणा. आमच्या दुसऱ्या मजल्यावरचे आजोबा तर उलट म्हणाले, ‘दत्तगुरूंच्या पायाशी चार असतात, इथे एकीची काय अडचण?’ सगळे असे भेटत नाहीत.

फाटकाबाहेर पहिले काही आठवडे हार्नेस आणि गळपट्टा दोन्ही घाला, पट्टा दोन्हींत अडकवा. घाबरलेलं कुत्रं मागे सरकतं आणि गळपट्ट्यातून डोकं सहज काढतं. पाचव्या दिवशी शेजारून स्कूटरचा हॉर्न वाजला आणि माझ्या हातात रिकामा गळपट्टा राहिला. वॉचमनकाकांनी फाटक ढकललं म्हणून आज हा लेख लिहितेय.

खालच्या गल्लीतल्या कुत्र्यांशी ओळख सावकाश होऊ द्या. कानाचा कोपरा कापलेला दिसला तर त्या कुत्र्याची नसबंदी झालेली असते आणि त्या वेळी रेबीजची लसही दिलेली असते. रोज ठरावीक वेळी, लांबून, न थांबता जा. आठ-दहा दिवसांत भुंकणं कमी होतं.

नाव आणि पहिले धडे

नाव दोन अक्षरी ठेवा, ‘नको’, ‘बस’ यांच्याशी न जुळणारं. नाव घेतलं, त्याने बघितलं, खाऊ. दिवसातून दहा-पंधरा वेळा, बस. रागावताना नाव घ्यायचं नाही. ‘ये’ म्हणून बोलावून आंघोळ घालायची नाही, औषध पाजायचं नाही, नखं कापायची नाहीत. त्या कामांसाठी आपण उठून त्याच्याकडे जायचं.

‘बस’ सोपं आहे. तुकडा नाकाशी धरा, हळूहळू डोक्यावरून मागे न्या, मान वर गेली की ढुंगण खाली टेकतं. टेकलं की खाऊ. कंबर दाबू नका. एका वेळी तीन-चार मिनिटं पुरेत, दिवसातून तीनदा, आणि जेवणाआधी, पोटात जागा असताना. खाऊ दिवसाच्या खाण्याच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त नको. शाकाहारी घरात पनीर, उकडलेलं गाजर, काकडी चालते.

छोट्या घरात मला सगळ्यांत उपयोगी वाटतो तो ‘जागेवर’. गोधडीवर पाऊल पडलं की खाऊ, बसला की खाऊ, मावशी लादी पुसेपर्यंत बसून राहिला की मध्ये मध्ये खाऊ. बेल वाजली की दूधवाला, कुरियर, कचरेवाला, प्रत्येक वेळी ‘जागेवर’. महिनाभर लागतो, पण नंतर दाराची झटापट संपते.

पिल्लू चावतं, कारण चौथ्या ते सहाव्या महिन्यात दुधाचे दात पडून नवे येतात आणि हिरड्या शिवशिवतात. भिजवून फ्रीझरमध्ये ठेवलेला फडक्याचा पीळ द्या. हाताला दात लागला की खेळ थांबवून उठून जा. कातडी फुटली तर मात्र, घरचा कुत्रा असला तरी, साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि लगेच डॉक्टरकडे जा. पालिकेच्या रुग्णालयांत रेबीजची लस मिळते.

एकटं राहणं

सुट्टी काढून आठवडाभर चोवीस तास त्याच्याशेजारी बसलात आणि सोमवारी नऊची लोकल पकडायला गेलात, तर ते दार खरवडणारच. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासूनच सुरुवात करा. बाथरूमला जाऊन दार लावा. मग किल्ली उचला, चप्पल घाला, आणि कुठेही न जाता परत बसा. मग दाराबाहेर दहा सेकंद. मग एक मिनिट. कचरा टाकून या. वाण्याकडे जाऊन या. परत आल्यावर मिठ्या नकोत, आधी पिशवी ठेवा, पाणी प्या, मग हात फिरवा. जाताना आत खाऊ भरलेलं रबरी खेळणं दिलं तर तो आपल्या जाण्याची वाट बघायला लागतो.

घरात जुना फोन असेल तर रेकॉर्डिंग लावून जा. समोरच्या काकू ‘दिवसभर रडते हो’ म्हणाल्या तेव्हा मला ते खरं वाटलं नव्हतं. ऐकल्यावर कळलं की ती बरोबर बारा मिनिटं रडते आणि झोपते. मग आम्ही दहा मिनिटांपर्यंत उतरलो आणि तिथून पुन्हा वाढवत गेलो.

डॉक्टर, परवाना, सोसायटी

दोन-तीन दिवसांत डॉक्टरला दाखवा. पिल्लाला सहा-आठ आठवड्यांपासून पार्व्हो-डिस्टेंपरच्या लसी सुरू होतात आणि काही आठवड्यांच्या अंतराने १६ आठवड्यांपर्यंत चालतात. रेबीजची तीन महिने पूर्ण झाल्यावर, पुढे डॉक्टर सांगतील तशी. मुंबईत लेप्टोची लसही घ्या. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात उंदरांचं मूत्र मिसळतं आणि त्यातून कुत्र्यांनाही लेप्टो होतो, आपल्यालाही. २००५च्या पुरानंतर शहराने ते पाहिलंय. पावसात फिरवून आणल्यावर बोटांच्या मधली जागा कोरडी पुसा, कानामागे गोचीड बघा.

परळचं बाई साकरबाई पेटिट रुग्णालय जुनं आहे, १८८०च्या दशकातलं. त्याच दशकात, १८८६ला, परळलाच पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. महालक्ष्मीला २०२४मध्ये टाटांचं प्राण्यांचं रुग्णालयही झालंय. पण रात्री अकराला उपयोगी पडतो तो जवळचा डॉक्टर. त्याचा नंबर फ्रिजवरच्या त्याच कागदावर लिहा.

महापालिकेचा परवाना काढा, रेबीजच्या दाखल्यावर तो ऑनलाइन निघतो आणि दरवर्षी नव्याने घ्यावा लागतो. त्याची प्रत सोसायटीच्या ऑफिसात आपणहून देऊन या. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सोसायटीला कुत्रा पाळायला बंदी घालता येत नाही, लिफ्ट नाकारता येत नाही, जादा पैसेही लावता येत नाहीत. तो कागद जवळ ठेवा, पण पहिल्याच दिवशी सेक्रेटरींच्या तोंडावर फेकू नका. मी फेकला होता. पुढचे सहा महिने आमच्या गळक्या पाइपाकडे कोणी बघितलं नाही.

दिवाळीआधी

कुत्रा पावसाळ्यात आला असेल तर गोविंदा, गणपती आणि दिवाळी ओळीने समोर आहेत. दिवाळीच्या महिनाभर आधी फोनवर फटाक्यांचा आवाज अगदी बारीक लावा, जेवण वाढताना. खाणं सोडून कान टवकारले तर आवाज जास्त झाला, कमी करा. दोन-तीन दिवसांनी एक घर वाढवा. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी उजेडातच फिरवून आणा आणि बिल्ला गळ्यात राहू द्या.

तांबू त्या रात्री अजूनही बाथरूममध्येच झोपते. आम्ही सहालाच तिथे गोधडी घालतो, एक्झॉस्ट फॅन सुरू करतो, दार अर्धं उघडं ठेवतो, आणि घरच्यांना सांगून ठेवतो की रात्री अकरापर्यंत अंघोळी नाहीत.